मदत हवी आहे: शिक्षकांची उमेद आणि दहावीचे गुण

नमस्कार मंडळी. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी कळवा-ऐरोलीतल्या अनुदानित माध्यमिक शाळा घेतेय. शिक्षकांच्या उमेदीचा मुलांच्या गुणांवर काय परिणाम होतो, हा विषय. कामाच्या प्रेरणेचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग म्हणतो, पगार फक्त नाराजी टाळतो. उमेद येते ती कौतुकातून, जबाबदारीतून. १८,००० मानधनावरच्या शिक्षणसेवकाला हे कुठल्या तोंडाने विचारू? वर निवडणुकीची कामं, ती शिक्षकांना लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच मुभा आहे!

खरी अडचण वेगळीच. दहावीचे गुण शाळेतल्या शिक्षकांचे की खासगी क्लासचे, हे वेगळं कसं काढायचं? नववीचे गुण आधार धरून फरक मोजला तर चालेल का? शिवाय मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये प्रश्नावली भरली की सगळेच ‘अत्यंत समाधानी’. शिक्षकांची उमेद मोजणारी, विश्वासार्हता तपासलेली मराठी प्रश्नावली कुणाकडे असेल तर प्लीज सांगा.