जोहान्सबर्गहून 16 दिवसांत पाच अभयारण्ये : हा बेत पेलण्यासारखा आहे का?

नकाशेवाली :
नमस्कार. येत्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही नवरा-बायको जोहान्सबर्गला उतरून तिथून भाड्याची गाडी घेणार आहोत आणि स्वतः गाडी चालवत प्राणी पाहणार आहोत. हाताशी 16 दिवस आहेत. बेत असा आहे : दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरमध्ये तीन रात्री, मग बोट्स्वानात चोबे नदीकाठी दोन आणि मोरेमीत दोन, तिथून नामिबियाच्या कॅप्रिव्ही पट्ट्यातून एटोशाला जाऊन तीन, आणि परतताना कगालागादीत दोन. म्हणजे मुक्कामाच्या 12 रात्री झाल्या आणि प्रवासासाठी चार दिवस उरले. नकाशावर हे वर्तुळ सुबक दिसते, पण ज्यांनी तिथे गाडी चालवली आहे त्यांनी ते तपासावे अशी विनंती आहे. साधी गाडी चालेल, की चारही चाकांना जोर देणारी घ्यावी लागेल? आणखी एक प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटतो : रस्त्यात हत्ती आडवा आला तर नेमके काय करायचे असते?

पाणवठा :
अंतरे तुम्ही नीट मोजली आहेत, वेळ मात्र चुकला आहे. क्रूगरचे उदाहरण घ्या. सुमारे 19,485 चौरस किलोमीटरचे हे उद्यान उत्तर-दक्षिण साधारण 360 किलोमीटर पसरलेले आहे. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 आणि कच्च्यावर 40 आहे, आणि खरोखर प्राणी पाहायचे असतील तर गाडी 25 च्या वर नेण्यात अर्थ नाही. स्कुकुझा ते साटारा या मुक्कामाच्या दोन छावण्यांमधले 90-एक किलोमीटरचे अंतर बाहेर तासाभराचे असते, उद्यानात त्याला निम्मा दिवस लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छावण्यांची फाटके सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात. उशीर झाला तर दंड भरावा लागतो, आणि "वाटेत सिंह बसले होते" हे कारण तिथे रोज ऐकले जाते.

चोबे ते एटोशा हा टप्पा तर तुम्ही जवळजवळ गृहीतच धरलेला दिसतो. कॅप्रिव्हीत काटिमा मुलिलो ते रुंडू एवढेच अंतर 500 किलोमीटरांहून अधिक आहे आणि एटोशा तिथून पुढे. अंधार पडल्यावर गाढवे आणि गुरे रस्त्यावर येतात, त्यामुळे रात्री गाडी चालवायची नाही, हे तिकडे सगळेच सांगतात. त्या रस्त्याने दक्षिणेकडे येताना पशुरोगांसाठी उभारलेल्या कुंपणापाशी गाडी तपासतात आणि कच्चे मांस काढून घेतात, तेव्हा त्या बाजूने जाणार असाल तर शीतपेटी भरून घेऊ नका. मोरेमीची गंमत वेगळीच आहे. ते ज्या नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे त्या ओकावांगोचा पूर अंगोलातल्या उन्हाळी पावसाचा असतो आणि ते पाणी काही महिने सरकत सरकत नेमके कोरड्या हंगामात त्रिभुज प्रदेशात पोहोचते. म्हणून पावसाचा थेंब नसताना वाटा पाण्याखाली असतात, आणि जिथे पाणी नाही तिथे खोल वाळू असते. पहिल्या सहलीत, तेही दोन रात्रींसाठी, मी तिकडे गाडी घालणार नाही.

माझे मत विचाराल तर मोरेमी आणि चोबे सोडा, उरलेल्या तिन्हींपैकीही एक सोडा, आणि जिथे जाल तिथे बसा. लोअर साबी छावणीच्या अगदी जवळ सनसेट डॅम नावाचा तलाव आहे, रस्त्याला लागूनच. मी तिथे एका सकाळी इंजिन बंद करून थांबलो होतो. गाड्या येत, काचा खाली होत, "काही दिसले का?" असे विचारले जाई, आणि मगरी आणि पाणघोडे आहेत म्हटल्यावर लोक निघून जात. पाऊण तासाने पाणी पीत असलेल्या सात-आठ इम्पालांनी (हरणासारखे प्राणी) एकाच वेळी माना वर केल्या. सगळ्यांची तोंडे एकाच झुडपाकडे, आणि पाण्याचे थेंब अजून ओठांवरून गळत होते. त्यांच्यापैकी एकाने शिंक द्यावी तसा आवाज काढला आणि झुडपातून बिबट्याची मादी निघून, जणू तिला काही घेणेच नव्हते अशा चालीने, रस्ता ओलांडून गेली. तिला मी शोधले नव्हते, इम्पालांनी दाखवले.

जाता जाता : मोठ्या छावण्यांत नकाशाचा एक फळा असतो आणि कोणता प्राणी कुठे दिसला ते लोक त्यावर रंगीत खुणांनी दाखवतात. त्यावर गेंडा मिळणार नाही. चोरट्या शिकाऱ्यांमुळे गेंड्यांची ठिकाणे मुद्दाम दाखवत नाहीत. तुम्हाला दिसला तर तुम्हीही फोटो टाकताना जागा लिहू नका.

धूळवाट :
पाणवठा यांचे बसून पाहण्याबद्दलचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे, पण त्याच न्यायाने सोडायचे असेल तर मी क्रूगर सोडीन. क्रूगर कधीही करता येते, जोहान्सबर्गहून चार-पाच तासांवर आहे, आणि त्याच्या गर्द झुडपांत ऑगस्टमध्येही प्राणी हातभरावर असून दिसत नाहीत. कगालागादी आणि एटोशा ही दोन कोरडी उद्याने एका ओळीत येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा खरा काळ आहे.

कगालागादी हे दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांचे सामाईक उद्यान आहे. मे 2000 मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 38,000 चौरस किलोमीटर असून त्यातला मोठा भाग बोट्स्वानात येतो. तिथे लाल वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधून आउब आणि नोसोब या नद्या जातात, म्हणजे नद्यांची पात्रे जातात, कारण त्यांना पाणी क्वचितच येते. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचे मुख्य रस्ते बहुतेक या पात्रांच्याच सोबतीने जातात आणि खणून काढलेल्या पाण्याच्या जागाही तिथेच आहेत. त्यामुळे गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक हे हरणासारखे प्राणी आणि त्यांच्यामागून चित्ते, बिबटे, काळ्या आयाळीचे सिंह त्याच चिंचोळ्या पट्ट्यात वावरतात जिथून तुमची गाडी जाते. बाभळींवर समूहाने राहणाऱ्या सुगरणींची गवताच्या गंजीएवढी घरटी असतात, आणि कधी कधी त्या ओझ्याने फांदीच मोडून खाली आलेली दिसते. दिवसा ऊन असले तरी ऑगस्टच्या पहाटे पाणी गोठेल इतकी थंडी पडू शकते. हातमोजे न्या, मी नेले नव्हते.

एटोशात 1907 पासून संरक्षण आहे. मधोमध सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचे मिठागरासारखे पांढरे मैदान आहे आणि त्याच्या दक्षिण कडेने पाणवठ्यांची माळ आहे. तिथले हत्तीसुद्धा त्या मातीने पांढुरके झालेले असतात. ओकाउक्वेयो छावणीत एक पाणवठा रात्री मंद दिव्यांनी उजळलेला असतो. बुटक्या भिंतीमागे बाके आहेत, तिथे पांघरूण घेऊन बसायचे. माझ्या पहिल्या रात्री साडेदहापर्यंत एक कोल्हा सोडून काही आले नाही आणि बाके रिकामी झाली. अकराच्या सुमारास काळा गेंडा आला, त्याच्यामागे मादी आणि पिल्लू. पाण्यात त्यांची उलटी प्रतिबिंबे इतकी स्थिर होती की पिल्लाने तोंड लावल्यावर आधी प्रतिबिंब मोडले आणि मग आवाज ऐकू आला. मी पहाटे दोनपर्यंत हललो नाही.

आता गाडीबद्दल. या दोन्ही उद्यानांतल्या मुख्य रस्त्यांना चारही चाकांच्या जोराची गरज नाही, पण गाडी जमिनीपासून उंच हवी आणि जादा चाके शक्यतो दोन घ्या. खरा धोका कच्च्या रस्त्यावरच्या वेगाचा आहे. नामिबियाचे खडीचे रस्ते सरळ आणि रुंद असतात, त्यामुळे 100 चा वेगही सुरक्षित वाटतो, आणि वळणावर किंवा खडीच्या ढिगाऱ्यात एक चाक गेले की गाडी आपल्या हातात राहत नाही. माझी गाडी अशीच घसरून अर्धी फिरली आणि कडेच्या चरात जाऊन टेकली. आम्हाला खरचटलेही नाही, पण दार आणि बंपर गेले. मी पूर्ण विमा घेतला आहे अशा समजुतीत होतो. दुसरी गाडी नसताना खडीवर झालेला अपघात विम्यात बसत नाही, हे भाडेकरारातले बारीक कलम गाडी देणाऱ्या कंपनीने परत येताना दाखवले, जाताना नाही. तेव्हा करार सही करण्याआधी वाचा, 80 च्या पुढे जाऊ नका, आणि खडीला लागताच टायरमधली हवा थोडी कमी करा. त्यासाठी दाबमापक आणि छोटा पंप गाडीत हवाच.

नकाशेवाली :
दोघांचेही आभार. पाचांवरून दोनांवर येताना जीव थोडा हळहळला, पण बाकावरच्या त्या रात्रीने मन वळवले. हत्तीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

उलटा गिअर :
तो मी घेतो. कगालागादीत सहसा हा प्रश्नच येत नाही, पण एटोशात येईल.

पहिली गोष्ट, हत्ती दिसला की दोन गाड्यांच्या मध्ये अडकून उभे राहू नका. मागे जायला मोकळी वाट ठेवा आणि ती तशी आहे ना हे आरशात अधूनमधून पाहत राहा. कळपात पिल्ले असतील तर कळप आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी कधीही आणायची नाही. हत्ती कान पसरून, डोके उंच करून, धूळ उडवत चार पावले धावून येतो आणि थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा तो तुम्हाला अंतर सांगत असतो. तेवढे अंतर शांतपणे द्यावे. हॉर्न नको, दिवे नकोत, इंजिन खेकसवणे तर नकोच. कान मागे दुमडलेले, सोंड गुंडाळलेली आणि डोके खाली असेल तर मात्र तो खेळ नव्हे, तेव्हा निघायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकटा मोठा नर. त्याच्या गंडस्थळाकडे पाहा. डोळा आणि कान यांच्यामधून मद झरून गालावर काळपट ओघळ आला असेल आणि मागच्या पायांवरून मूत्र ठिबकत असेल, तर तो माजावर आहे. अशा हत्तीच्या बाबतीत "थोडा वेळ थांबून बघू" असे म्हणू नये, भरपूर अंतर आधीच ठेवावे. असा एक नर एकदा आमच्याकडे चालत आला, धावत नव्हे, रस्त्याच्या मधोमध, आणि तो रस्ता सोडेना. मी जवळजवळ 700 मीटर गाडी उलटी नेली. मान अवघडली, बायको मागच्या काचेतून वळणे सांगत होती, आणि तो त्याच संथ चालीने येतच राहिला. शेवटी एका मोपानीच्या झाडाशी थांबून त्याने फांदी मोडली, तेव्हा आमची सुटका झाली. म्हणून माझा एक आग्रह आहे : भाड्याची गाडी ताब्यात घेतली की वाहनतळावरच उलटी चालवण्याचा सराव करा. भाड्याच्या गाडीचा उलटा गिअर कुठे असतो, हे हत्तीसमोर शोधायचे नसते.

नकाशेवाली :
हे पटले, आणि दोघांनीही सराव करायचा असे ठरले आहे. नवा बेत देते. जोहान्सबर्गहून दोन दिवसांत अपिंग्टनमार्गे ट्वी रिव्हिरेन ही कगालागादीची प्रवेशाची छावणी, कगालागादीत एकूण पाच रात्री (त्यातल्या शेवटच्या दोन नामिबियाच्या सीमेवरच्या माटा-माटा छावणीत), तिथूनच नामिबियात शिरून दोन दिवसांत विंडहुक, मग एटोशात पाच रात्री आणि विंडहुकहून परतीचे विमान. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे पैसे जास्त पडतात, पण परतीचे दोन-तीन दिवस वाचतात.

धूळवाट :
उत्तम. दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेवा. माटा-माटाच्या फाटकातून नामिबियात जायचे असेल तर उद्यानात किमान दोन रात्री राहण्याची अट आहे, ती तुम्ही पाळताच आहात. पण दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडल्याचा शिक्का माटा-माटाला नव्हे, ट्वी रिव्हिरेनलाच घ्यावा लागतो. तो विसरला तर पात्रातून सुमारे 120 किलोमीटर मागे यावे लागते. आणि गाडी सीमेपलीकडे नेण्याच्या परवानगीचे पत्र भाडेकंपनीकडून आधीच मागवा. त्यावर गाडीचा क्रमांक बरोबर आहे का, ते गाडी ताब्यात घेतानाच ताडून पाहा.