मदत हवी आहे: परसातल्या पटिंग ग्रीनवर दुसऱ्या कपाशी पाणी साचतंय

मंडळी, जरा लांबलंय, पण सगळं आधीच सांगून टाकतो.

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. मागच्या परसात आधी लॉन होतं. पाण्याचं बिल बघून ते केव्हाच काढलं. आता तिथे कृत्रिम गवताचं 15 बाय 24 फुटांचं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू जमिनीत बसवलेल्या कपात ढकलायच्या सरावाची जागा, करायला घेतलंय. 15 फूट मुद्दाम, कारण माझा गवताचा रोल तेवढ्याच रुंदीचा आहे आणि मध्ये सांधा नको होता. कंत्राटदाराचा आकडा ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात गाडी येईल, जुनी का असेना." म्हणून घरचं कार्य.

झालंय ते असं. 811 ला फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि केबलच्या खुणा मारून घेतल्या. हे फुकट असतं, आणि बरं झालं केलं, कारण केबल नेमकी पहिल्या कपाखालून जात होती, कप सरकवला. जुन्या स्प्रिंकलरची तोंडं बंद केली. मग खणायला घेतलं तर चौथ्या इंचाला कॅलीची लागली. माहीत नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडच्या चुनखडीचा थर सिमेंटसारखा आवळला तर जे होईल ते. टिकाव टणकन उडतो. शेवटी ब्रेकर भाड्याने आणून इंचभर फोडली आणि नाद सोडला. त्यावर डीजीचा (डिकम्पोज्ड ग्रॅनाइट), म्हणजे आपल्या मुरमाच्या भावाचा, 4 इंच थर. साडेचार घनयार्ड, सुमारे सहा टन. ट्रकवाला ड्राइव्हवेवर ओतून गेला आणि परसाचं फाटक तीन फुटी! सगळा माल एकचाकी ढकलगाडीने आत नेला.

सध्या बाबा आलेत. आटपाडीकडचे, गोल्फ जन्मात पाहिलेला नाही. पण मी कोरड्या डीजीवर प्लेट कॉम्पॅक्टर (थर चोपायचं यंत्र) फिरवतोय हे बघून म्हणाले, "अरे, खळं असं करतात का? आधी पाणी मार, मुरू दे, मग चोप. आणि एकदम सगळा थर नाही, दोनदा." ऐकलं नाही. त्याची फळं आता भोगतोय.

गेल्या आठवड्यात मान्सूनचा (इथल्या जुलै-सप्टेंबरच्या पावसालाही मान्सूनच म्हणतात) तासभर पाऊस झाला. सकाळी दुसऱ्या कपाभोवती परातीएवढं डबकं, ते दुपारपर्यंत हललं नाही. दुकानदार म्हणतो, गवत अंथरा, वर सिलिका वाळू पडली की भरून निघेल. मला पटत नाही. गवत अजून गॅरेजमध्ये गुंडाळलेलंच आहे, म्हणून हात जोडून विचारतो: कॅलीचीला ड्रिलने भोकं पाडून पाणी खाली सोडू का? उतार किती द्यावा म्हणजे पाणीही जाईल आणि चेंडूही कपाजवळ थांबेल? शिवाय स्वयंपाकघराची खिडकी लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा लेप दिलेल्या, काचेची आहे. चारच्या सुमाराला तिचा लख्ख पट्टा बरोबर ग्रीनवर पडतो. शेजाऱ्यांचं गवत अशाच जागी मेणासारखं आळलंय. त्यावर काय करावं?

प्रतिसाद १

वाळूनं खड्डा भरत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. वाळू पात्यांना उभं धरायला आणि चेंडूचा वेग जमवायला असते. पटिंगचं गवत अर्ध्या इंचाचं, खालचा प्रत्येक खळगा ते जसाच्या तसा वर दाखवणार.

कॅलीचीला भोकं पाडतात ती झाडं लावताना. तुम्हाला पाणी मुरवायचं नाही, घालवायचं आहे. घरापासून कुंपणाकडे 24 फुटांत 3 इंच उतार द्या, म्हणजे साधारण 1 टक्का. कपांपासून लांब एखादी लाट 2-3 टक्क्यांची चालेल, मजा येते. पण कपाच्या भोवती दोन-तीन फूट जवळजवळ सपाट ठेवा, नाहीतर वेगवान ग्रीनवर चुकलेला चेंडू थेट कुंपणाला जाऊन थांबतो. माझा गेलाय, वर्षभर.

खळगे शोधायला पाणसळ पुरत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका. खळगा असेल तिथे सावली पडते. दिसेल तिथे वरचा दोन इंच थर खरवडून सैल करा, पाणी शिंपडा, माल घाला आणि परत चोपा. नुसती वर भर टाकली तर पापुद्र्यासारखी सुटते. कपाच्या खाली वीतभर खडी घाला, कपाच्या तळाला भोक आहे ना ते बघा, आणि कपाची कड चोपलेल्या थराच्या बरोबरीत ठेवा. गवत वरून अंथरून मग चाचपून कापायचं, मध्यापासून बाहेर. कपाचा व्यास सव्वाचार इंच असतो, घाईत मोठं कापलं तर परत जोडता येत नाही.

बाकी बाबांचं ऐका.

प्रतिसाद २

खिडकीचं थोडक्यात: काचेला बाहेरून सोलर स्क्रीनची जाळी लावा. आतल्या पडद्याचा उपयोग नाही, ऊन काचेवरूनच परततं. गवत कापण्याआधी दोन-तीन तास उन्हात उलगडून ठेवा, सुरकुत्या जातात. वाळू भरायची ती कोरडी ठणठणीत, थोडी थोडी, झाडून. ओली वाळू वरच गोळा होऊन बसते.

एक भाबडी शंका: जुलैच्या दुपारी त्यावर उभं राहता येतं का हो?

धागाकर्ता

नाही येत. अनवाणी तर अजिबात नाही, शेजाऱ्यांकडे एकदा पाय भाजून घेतलाय. आमचं खेळणं पहाटे पाच ते सात.

टॉर्चचा प्रयोग काल रात्री केला. एक डबकं दिसत होतं, खळगे निघाले चार. बाबांनी प्रत्येकाभोवती रांगोळीने गोल काढून ठेवलाय आणि आज सकाळपासून पाण्याची नळी हातात घेऊन उभे आहेत. मला कॉम्पॅक्टरला हात लावू देत नाहीत. खिडकीची जाळी मागवली. गवत पुढच्या शनिवारी, तोवर परत पाऊस पडला तर बरंच, कळेल तरी.