‘सोशल व्हल्नरेबिलिटी’साठी शब्द हवा

कोरडवाहू : पाणीटंचाई, जमिनीची धूप सोसणाऱ्या गरीब खेड्यांवरचा एक अहवाल मराठीत करतेय. ‘सोशल व्हल्नरेबिलिटी’ला, म्हणजे संकट आलं की कोण किती सहज मोडेल याला, ‘सामाजिक असुरक्षितता’ लिहिलं होतं, संपादकांनी खोडून ‘भेद्यता’ केलं. तटबंदी भेद्य असते, माणसं कशी असतील?

धातुपाठ : संपादक बरोबर आहेत. लॅटिन ‘वुल्नुस’ म्हणजे जखम. जखम होऊ शकते ते भेद्य. असुरक्षितता इथे खर्च केलीत, तर इनसिक्युरिटीला काय म्हणाल?

बांधावरून : ‘अवर्षणप्रवण’ सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘आघातप्रवण’ घ्या. कोशातून उचललेले शब्द खेड्यातल्या माणसाला कळत नाहीत.

धातुपाठ : प्रवण म्हणजे कललेलं. दुष्काळ कुठे पडेल ते त्यातून कळतं, पडल्यावर कोण मोडेल ते नाही.

कोरडवाहू : अडलंय तिथेच. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७च्या अहवालात व्हल्नरेबिलिटीत तीन गोष्टी होत्या : झळ किती पोचते, ती किती लागते आणि सावरायची ताकद किती. २०१४च्या अहवालात झळ वेगळी काढली. त्यामुळे ‘झळ’ सुचवणारा शब्द आता चालणार नाही.

पायवाट : ‘दुर्बलता’ही नको. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८९मध्येच सांगितलं की ही अवस्था आणि गरिबी एक नव्हे. कर्ज काढून धंद्यात घातलं तर उत्पन्न वाढतं, पण पुढच्या धक्क्याला तेच कर्ज घर बुडवतं.

प्रश्नावली : शब्द कुठलाही घ्या, मोजतात काय ते आधी बघा. मोझांबिकमधल्या खेड्यांसाठी २००९मध्ये घरांच्या उपजीविकेची व्हल्नरेबिलिटी मोजणारा जो निर्देशांक मांडला गेला, त्यात पाणी आणायला लागणारा वेळ, उसने घेतले-दिले याचं प्रमाण, असं बरंच आहे. प्रत्येक आकडा ० ते १च्या पट्टीवर बसवतात, मग सरासरी. त्यात घरातलं कुणी परगावी कामाला असलं की घराचा धोका वाढलेला धरतात! मी पाहिलेल्या एका घराचं सगळं भागत होतं ते परगावच्या मुलाच्या पैशावर. शेजारच्या घरातले कर्ते गेले, तर बांध फुटला तो तसाच राहिला. दोन्ही घरांना गुण सारखेच.

बांधावरून : मग तो प्रश्नच काढून टाका. बाहेर जाणं हाच तर सावरायचा मार्ग.

पायवाट : काढून कसं चालेल? नाइलाजाने गेलेलेच जास्त असतात.

प्रश्नावली : काढू नका, फोडा. पैसे येतात का, आणि मागे काम करणारं कोण उरलं, हे वेगवेगळं विचारा.

धातुपाठ : आणि ‘नाइलाज’ मोजणार कसा? तो फारसीतून आलाय, ‘ना’ अधिक ‘इलाज’...

कोरडवाहू : अहो, माझा शब्द राहिला.