लिनक्स कर्नलच्या लिस्टमध्ये डेटा असतो तरी कुठे?

सेमिस्टर_सात: कॉलेजात शिकवलं की नोडमध्ये डेटा आणि नेक्स्ट पॉइंटर. आता लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स वाचायला घेतला तर लिस्ट_हेडमध्ये नुसते नेक्स्ट आणि प्रीव्ह, डेटाचा पत्ताच नाही! आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइप म्हणजे आतलं झाकायचं ना, इथे तर सगळं उघडंच आहे. कोणी नीट सांगेल का?

नाशिककर: उलटं बघ. लिस्टमध्ये डेटा नाही, डेटात लिस्ट आहे. टास्क_स्ट्रक्टमध्ये (प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, माहिती ठेवणारं स्ट्रक्ट) टास्क्स नावाचा एक लिस्ट_हेड आणि सिब्लिंग नावाचा दुसरा, म्हणून एकच प्रोसेस सगळ्या प्रोसेसच्या लिस्टमध्येही असते आणि आपल्या पॅरेंटच्या मुलांच्या लिस्टमध्येही. परत मूळ स्ट्रक्टवर यायला कंटेनर_ऑफ मॅक्रो, म्हणजे फील्डच्या अ‍ॅड्रेसमधून ऑफसेट वजा, बास. खरी मजा म्हणजे लिस्टमध्ये टाकताना वेगळा नोड अ‍ॅलोकेट करावा लागत नाही, त्यामुळे मेमरी नाही म्हणून अडायचा प्रश्नच नाही, स्पिनलॉक (झोपून न राहता फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) धरलेला असताना हे फार कामाला येतं, कारण तेव्हा मेमरीसाठी थांबता येत नाही.

जुना_सीवाला: झाकलेलं बघायचं असेल तर व्हीएफएस (सगळ्या फाइल सिस्टिमवरचा कर्नलमधला सामाईक थर) वाच. फाइल_ऑपरेशन्स म्हणजे फंक्शन पॉइंटरांचं स्ट्रक्ट, रीड कॉल केला की खाली ईएक्सटी४ (डिस्कवरची फाइल सिस्टिम) आहे का पाइप (दोन प्रोसेसमधली नळी), वरच्याला घेणंदेणं नाही, यूजरच्या हातात फक्त ३-४ असा एक आकडा (फाइल डिस्क्रिप्टर).
पण उघडं ठेवण्याची किंमत असतेच हां. प्रोसेसचे मेमरी एरिया आधी रेड-ब्लॅक ट्री आणि जोडीला लिंक्ड लिस्टमध्ये असायचे, ६.१ मध्ये (२०२२) त्याजागी मेपल ट्री नावाची नवी रचना आली, तेव्हा व्हीएम_नेक्स्ट (त्या लिस्टमधला पुढच्या एरियाचा पॉइंटर) धरून फिरणारा कोड कर्नलभर पसरलेला, सगळीकडे हात घालावा लागला. एमएमॅप (मेमरी एरिया मागायचा सिस्टिम कॉल) वापरणाऱ्या प्रोग्रामला मात्र काही बदलावं लागलं नाही.

नाशिककर: +१. आणि लूपमध्ये डिलीट करणार असशील तर नावात सेफ असलेलाच मॅक्रो घे, तो पुढचा नोड आधीच लक्षात ठेवतो. लिस्ट_डेल काढलेल्या नोडच्या पॉइंटरांत मुद्दाम विषारी व्हॅल्यू टाकतं, क्रॅशमध्ये ‘डेड’ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस दिसला तर आधी तिथेच बघ. दुसऱ्या सीपीयूपासून मात्र ‘सेफ’ वाचवत नाही, लॉक लागतोच.

सेमिस्टर_सात: भारी! म्हणजे माझ्या मॉड्यूलमध्ये एक रिक्वेस्ट एकाच वेळी दोन लिस्टमध्ये हवी असेल तर दोन लिस्ट_हेड?

जुना_सीवाला: हो, दोन. एकच वापरलास तर दुसरीत टाकताना पहिली तुटेल आणि कंपायलर चूं करणार नाही.