पत्ता देवगडचा, पेटी धारवाडची: ऑनलाइन खरेदीतले अनुभव लिहा

ऑनलाइन बाजारात वस्तूच्या फोटोखाली एक ओळ असते: माल कुठून निघणार. बरेच विक्रेते ती ओळ खोटी लिहितात. ठिकाणच खोटं असलं की वस्तू कधी पोचणार, परत कुठे पाठवायची, तक्रार कोणावर करायची, यातलं काहीच खरं उरत नाही. मला सगळ्यात जास्त लागते ती आणखी एक गोष्ट: देवगडच्या बागायतदाराच्या किंवा येवल्याच्या विणकराच्या नावावर भलताच कोणी कमावतो, आणि ज्याचं नाव वापरलं त्याला खबरही नसते.

तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर लिहा. नुसतं 'फसवलं' नको. कशावरून कळलं आणि पुढे काय केलंत ते सविस्तर येऊ द्या. विक्रेत्याचं आणि कंपनीचं नाव मात्र टाळा.

कोथरूडकरीण

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे नैवेद्याला आंबा लागतोच. 'देवगड हापूस, थेट बागेतून' अशी जाहिरात बघून पेटी नोंदवली. माल निघण्याचं ठिकाण देवगड लिहिलेलं. कुरियरचा नंबर टाकून पाहिला तर पहिली नोंद हुबळीची! देवगडहून पुण्याला यायला कोणी हुबळीला कशाला जाईल? विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, 'कुरियरवाल्यांच्या सिस्टीममध्ये तसं दिसतं, मॅडम.' पेटी आली. खोक्यावर मोठ्या अक्षरात देवगड, आणि आत फळांखाली कन्नड वर्तमानपत्राची रद्दी.

आंबा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. धारवाडकडचा हापूसही गोड असतो. मग तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विका ना. तिथल्या शेतकऱ्याचं नाव पुसून त्यावर देवगड चिकटवायचं, हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

बागायतदाराची सून, देवगड

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आमचं भांडण कर्नाटकच्या शेतकऱ्याशी नाहीच. मोहोर आल्यापासून फवारण्या, थ्रिप्ससारखी कीड, माकडं, राखणीला ठेवलेल्या माणसांचा पगार, या सगळ्यावरचा खर्च आधीच झालेला असतो. एप्रिलात बाहेरचा माल आमच्या नावाच्या खोक्यात बाजारात उतरला की आमच्या पेटीचा भाव कोसळतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'देवगड तर याहून स्वस्त मिळतोय.'

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद मिळाली, ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण मानांकन कागदावर असतं आणि खोकं कोणीही छापून घेतं. म्हणून 2025 च्या हंगामापासून आमच्या तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर लावायला यूआयडी, म्हणजे वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून फळ कुणाच्या बागेतलं ते पडताळता येतं. पेटीवरचं नाव वाचू नका, फळावरचा स्टिकर मागा. थेट घेत असाल तर विक्रेत्याला बिनधास्त विचारा: गाव कुठलं, कलमं कुठे आहेत. आम्हाला असे प्रश्न आवडतात.

लेस्टरवासी

आमच्याकडे इंग्लंडमध्ये हा प्रकार चार्जर, केबल, मोबाइलची कव्हरं, बागेची अवजारं यांत सर्रास चालतो. शोधताना 'फक्त यूकेतला माल' असा फिल्टर लावतो, कारण दोन-चार दिवसांत हवा असतो. विक्रेते वस्तूचं ठिकाण लंडन किंवा मँचेस्टर भरतात आणि त्या फिल्टरमधून आरामात पुढे येतात. माझ्या ड्रिलच्या बॅटरीचं असंच झालं. ठिकाण बर्मिंगहॅम, पण पोचण्याची अंदाजे तारीख जवळजवळ महिन्यानंतरची. पार्सलच्या नंबराच्या शेवटी 'सीएन' होतं. टपालाचा आंतरराष्ट्रीय नंबर तेरा खुणांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी ज्या देशातून पाठवलं त्याची दोन अक्षरं. सीएन म्हणजे चीन.

बॅटरी चार्जच होत नव्हती. परत करतो म्हटल्यावर बर्मिंगहॅम गायब झालं आणि शेन्झेनचा पत्ता आला, टपालखर्च माझा. शिवाय रोज एक गोड निरोप: 'थोडं थांबा', 'दहा टक्के परत देतो, वस्तू ठेवून घ्या', 'नवीन पाठवतोय'. या थांबवण्यामागे हिशोब असतो. तक्रारीची मुदत उलटली की त्यांचं काम झालं. मी तारखांवर लक्ष ठेवून होतो. जाहिरातीतल्या ठिकाणाचा स्क्रीनशॉट आणि पार्सलवरच्या कस्टम्सच्या चिठ्ठीचा फोटो जोडून 'वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली कंपनीकडे दावा लावला. पूर्ण पैसे मिळाले. विक्रेता अजून बर्मिंगहॅममध्येच आहे.

न्यू जर्सीहून

अमेरिकेत 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलांना मिळणारी ड्यूटीची, म्हणजे आयात कराची सूट सगळ्याच देशांसाठी बंद झाली. त्यानंतर 'कॅलिफोर्नियातून येणार' असं जाहिरातीत लिहिलेल्या खिडकीच्या पडद्यांवर कुरियरवाल्याने माझ्याकडे ड्यूटी मागितली. देशातल्या देशात ड्यूटी लागतच नाही! पार्सल नाकारलं आणि पैसे परत मागितले.

येवलेकर

माझ्या घरात माग आहे. 'येवल्याच्या मागावरून थेट' असं लिहून सुरतेच्या यंत्रमागावरच्या साड्या विकतात, फोटो मात्र आमच्या गल्लीतल्या मागांचे. साडी हातात आली की पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर, पोपट, वेल दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने जागच्या जागी गुंफलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागच्या बाजूला धागे आडवे लोंबतात नाहीतर कातरलेले असतात. एवढा बारीक पदर विणायला महिने जातात आणि कोणी ती चार हजारांत, 'येवल्याहून', दोन दिवसांत पाठवतो म्हणतो, तेव्हा पोटात तुटतं. यंत्रमागाची साडी जरूर नेसा, पण ती तशी सांगून विकली पाहिजे.

हिशेबनीस

येवलेकरदादांच्या मुद्द्याला जोडून बिलाचं सांगतो. बिलावरच्या विक्रेत्याच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: 27 महाराष्ट्र, 24 गुजरात, 29 कर्नाटक, 30 गोवा. आणि कराची ओळ वाचा. विक्रेता महाराष्ट्रातला आणि तुम्हीही इथलेच, तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन भाग दिसतात. नुसता आयजीएसटी लागला असेल तर विक्री परराज्यातून झाली आहे. 'येवल्याच्या' साडीच्या बिलावर आयजीएसटी दिसला की विक्रेत्याला जाब विचारा. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, त्यामुळे तिथे ही खूण उपयोगाची नाही.

भिवंडीत गोदामात काम करतो

एक लक्षात घ्या. पार्सल भिवंडीहून निघालं म्हणून विक्रेता खोटारडा ठरत नाही. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत विक्रेते आधीच माल आणून ठेवतात, आम्ही फक्त पॅक करून पाठवतो. माल कुठे बनला आणि कुठून निघाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

निपाणीकर

तसंच कोल्हापुरी चपलांचं. 2019 च्या मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. अथणीहून आलेली जोडी अस्सल असू शकते. रेक्झिनची मात्र कुठूनही आली तरी नाही.

नाशिकची वाचक

माझी तक्रार अजून चालू आहे, पण रस्ता सांगते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथून कंपनीला निरोप गेला, पण विक्रेता 'आम्ही जयपूरचे, तिकडे या' म्हणत राहिला. जाहिरातीत त्याने नाशिक लिहिलं होतं! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, कुरियरच्या नोंदी आणि पाकिटावरच्या पत्त्याचा फोटो जोडला. जाहिरात तोवर बदललेली होती, म्हणून ऑर्डर देतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आता नोटीस गेली आहे, आणि जयपूरच्या विक्रेत्याला उत्तर नाशिकच्या आयोगापुढे द्यायचं आहे.