मदत हवी आहे: डीएसए (दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी) निगेटिव्ह, तरी किडनीच्या केशवाहिन्यांत पेशी. हे रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

इथे नेफ्रॉलॉजी-पॅथॉलॉजीतलं कोणी असेल, किंवा घरात कुणाचं ट्रान्सप्लांट झालं असेल, तर जरा समजावून सांगा. औषधं डॉक्टर ठरवतील, ते विचारत नाहीये.

ताईला आईची किडनी बसवून चारेक वर्षं झाली. क्रिएटिनिन १.२च्या आसपास असायचं, ते हळूहळू १.८वर गेलं. टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणारं औषध) लेव्हल ठीक, बीके व्हायरस (बसवलेल्या किडनीला त्रास देणारा विषाणू) नाही. बायोप्सीत आलंय: जी १ (गाळण्यांतल्या केशवाहिन्यांत पेशी), पीटीसी २ (नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांत पेशी), टी ० (नलिकांच्या भिंतीत पेशी नाहीत), आय ० (मधल्या ऊतीत दाह नाही), सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण) निगेटिव्ह. रक्तात डीएसएसुद्धा निगेटिव्ह.

मला समजलं ते असं. टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बिथरल्या की नलिकांच्या भिंतीत घुसतात. टी ० म्हणजे तसं काही नाही. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या केशवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात आणि एनके पेशी, मोनोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशीच) तिथे गोळा होतात. इथे पेशी गोळा झाल्यात, पण अँटिबॉडीचा पत्ता नाही. मग यांना बोलावलं कोणी?

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर 'मिसिंग सेल्फ असू शकतं' म्हणाले आणि रिपोर्टच्या मागे पेनाने दोन गोल काढून दिले. एका गोलावर काटे आहेत, दुसऱ्यावर नाहीत. काही बोध होत नाही. किडनी आईची, म्हणजे अर्धं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणारच ना? केआयआर टायपिंग (एनके पेशींवरच्या केआयआर या रिसेप्टरची जनुकीय तपासणी) करून घ्यावं का? त्यात आईने घेतलंय की तिच्याच किडनीत खोट होती.

प्रतिसाद १

पीटीसी २ म्हणजे सर्वांत जास्त बाधित केशवाहिनीत ५ ते १० पेशी मोजल्या. त्या एनकेच आहेत हे नेहमीच्या स्लाइडवर कळत नाही, वेगळं स्टेनिंग लागतं. बॅन्फ वर्गीकरणात (ट्रान्सप्लांट बायोप्सी वाचायची जागतिक पद्धत) २०२२च्या बैठकीनंतर नेमक्या या चित्राला स्वतंत्र नाव दिलंय, पण अँटिबॉडी रिजेक्शनचा शिक्का मारलेला नाही. डॉक्टर जपून बोलले ते त्यामुळेच असावं.

आता ते गोल. जुळतं ते अर्धंच. ताईचं उरलेलं अर्धं एचएलए वडिलांकडचं, ते आईच्या किडनीवर कुठून असणार? टी पेशी परकं ओळखतात. एनके पेशींचं उलटं, त्यांना 'आपलं' दिसलं नाही की त्यांचा ब्रेक सुटतो, हेच 'मिसिंग सेल्फ'. काटे म्हणजे बहुधा 'आपलं' एचएलए, आणि बिनकाट्यांचा गोल म्हणजे ते नसलेली किडनीची पेशी. हा ब्रेक म्हणजे केआयआर. त्याची जनुकं १९व्या गुणसूत्रावर आणि एचएलएची ६व्यावर, दोन्ही वेगवेगळी वारशाने येतात, म्हणून प्रत्येक जोडीत हे घडतंच असं नाही. टायपिंगने कारणाचा अंदाज येईल, पण आज उपचार त्यावर ठरत नाहीत.

त्याआधी एटी१आर अँटिबॉडी (एचएलएव्यतिरिक्त दुसऱ्या एका रिसेप्टरविरुद्धची) बघितली का ते विचारा. नेहमीची डीएसए चाचणी फक्त एचएलए बघते. आणि आईंना सांगा, किडनीत खोट नाही.

प्रतिसाद २

फेल्झार्टामॅबबद्दल (अँटिबॉडी रिजेक्शनवर तपासलं जाणारं नवं औषध) कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. २०२४मध्ये आलेल्या चाचणीत २२ रुग्ण होते आणि ते डीएसए असलेले. तुमच्या ताईला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. फाइल चाळली, एटी१आर केलेली दिसत नाही. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांमुळे झालं होय!" असो. ही चाचणी पुण्यात होते की नमुना बाहेर पाठवावा लागतो?