वॉर्डातून परतल्यावर मनाचं काय करता? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अनुभव धागा

मी शेवटच्या वर्षाला आहे. पहिली क्लिनिकल पोस्टिंग लागली तेव्हा गणवेश चढवताना रोज पोटात गोळा यायचा, आणि हे माझ्या एकटीलाच होतंय अशी खात्री होती. ताणाला कसं तोंड द्यावं याबद्दलची लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांची १९८४ची मांडणी आपण सगळेच पाठ करतो: अडचण सुटण्यासारखी असेल तर तिला हात घालायचा, नसेल तर आधी मन सावरायचं. पण आपली अडचण यातली कुठली, हे ऐन ड्युटीत उमगत नाही. म्हणून हा धागा. मोकळेपणाने लिहा. रुग्णाची ओळख पटेल असं काही मात्र नको.

दुसरं वर्ष
माझा ताण म्हणजे गणित. ५०० मिलि सलाईन, ८ तास, मिलीला २० थेंबांचा सेट. मिनिटाला किती थेंब? वहीत २१ लगेच येतं, पण इनचार्ज सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या की डोकं कोरं. एकदा पेशंटसमोरच बोलणी खाल्ली. त्या रात्री खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीबरोबर रोज पाच गणितं, मोठ्याने बोलत सोडवायची, असं ठरवलं. आता जमतं, तरी दुसऱ्याकडून तपासून घेतेच.

तिसरं वर्ष
मला दिलेल्या बेडवरचे काका गेले. सीपीआरमध्ये, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबत राहण्यात, माझी पाळी दोनदा आली. मिनिटाला १०० ते १२० दाब, मनात मोजत होतो. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तरी मोजणं थांबेना. सिस्टरांनी पडदा ओढला, कोमट पाणी आणवलं आणि मला मदतीला घेतलं. चेहरा पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, आता जरा कुशीवर वळवते हं." जिवंत माणसाशी बोलावं तसं. हातावरची चिकटपट्टीसुद्धा कातडी ओढली जाऊ नये म्हणून आधी ओली केली, मग काढली. मी ते बघत राहिलो. वाचवता आलं नाही, तरी करण्यासारखं बरंच उरलेलं असतं, हे तेव्हा दिसलं. नंतर हात धुताना त्यांनी विचारलं, "जेवलास का?" आणि दहा मिनिटं काही न बोलता शेजारी बसल्या.
पुढचे कित्येक दिवस झोपताना कानात ती मोजणी चालू असायची. बॅचमधल्या दोघांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा हळूहळू ओसरली.

पहिलं वर्ष
वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती बोटात घुसली. टोपण परत लावायचं नसतं हे माहीत होतं, म्हणूनच सांगायची लाज वाटली. चार तास गप्प राहिले. साबण-पाण्याने धुवून ताबडतोब कळवायचं असतं. पुढे एचआयव्ही प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितकी लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांच्या आत. हे सगळं वाचलेलं होतं! शेवटी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, लगेच उठून माझ्याबरोबर चालू लागल्या. कृपा करून कोणी लपवू नका. ते चार तास मला सुईपेक्षा जास्त टोचले.

नाइट ड्युटीवाली
पहाटे तीन ते पाच फार जड जातात. त्या वेळेत मी औषधं दोनदा वाचते. सकाळी पडदे लावून, फोन बाहेर ठेवून झोपते. एवढंच, पण चिडचिड पुष्कळ कमी झाली.

वर्ष सांगत नाही
तुमचे उपाय मला लागू पडत नाहीत. केसबुक उघडलं की छातीत धडधडतं, दोन महिने नीट झोप नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं. कॉलेजात समुपदेशक आहेत. दारापर्यंत जाऊन परत आले आहे. हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

धागा काढणारी
तुला निरोप पाठवलाय. परत जाशील तेव्हा सांग, त्या वेळी मी फोनवर तुझ्या सोबत असेन.